बहिरेपण आणि माणसांची संगत

धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेडा हें गांव फटाक्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरांवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यास १९९९ सालच्या नियमानें मनाई केली, ती योग्यच होय. परंतु आवाजानें, रोगानें वा वयोमानानें एकदां कान गेले, तर माणसानें माणसांत राहावें कसें, हा प्रश्न नियमांनीं सुटणारा नाहीं. त्याचें उत्तर आम्हीं इतिहासांत शोधूं इच्छितों.

जर्मन संगीतकार बीथोव्हेन याचे कान तिशीच्या आंतच जाऊं लागले. आपण बहिरे आहों हें लोकांस सांगण्याची लाज वाटून आपण एकांत पत्करला, असें त्यानें १८०२ सालीं भावांस उद्देशून लिहिलें. पुढें १८१८ च्या सुमारास त्यानें वह्या बाळगण्यास आरंभ केला. भेटीस येणारा आपलें म्हणणें वहींत लिही. उत्तर तो बहुधा तोंडानेंच देई. १८२७ सालीं मृत्यु येईपर्यंत हा क्रम चालला. लाजेनें तोडलेली संगत एका साध्या वहीनें पुन्हा जोडली.

ज्यांनीं शब्द कधीं ऐकलाच नाहीं, त्यांची कथा निराळी. त्यांची भाषा हातांची. परंतु १८८० सालीं मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें खुणांहून उच्चाराची पद्धति श्रेष्ठ ठरविली. पांचच वर्षांनीं, १८८५ सालीं, बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नानें मुंबईंत मूकबधिरांची हिंदुस्थानांतील पहिली शाळा निघाली. घरोघर एकटीं पडलेलीं मुलें एकत्र येण्यास त्यामुळें एक ठिकाण झालें. मिलानच्या ठरावाबद्दल व्हँकूव्हरच्या परिषदेनें खेद प्रकट केला, तो मात्र २०१० सालीं. आणि भारतीय सांकेतिक भाषेचा ३००० शब्दांचा कोश २०१८ सालीं निघाला. हातांच्या भाषेस मान मिळण्यास इतका काळ लागला!

आतां आपल्या घराकडे पाहूं. तेरखेड्यासारखें गांव असो वा शहर, आजोबांनीं भलतेंच उत्तर दिलें कीं मुलें हंसतात आणि वडील मंडळी ‘कांहीं नाहीं, राहूं द्या’ म्हणून विषय सोडतात. मग आजोबा आधीं विचारणें सोडतात, नंतर बैठकींत येणेंही सोडतात. श्रवणयंत्र उपयोगी खरें. पण गलक्यांतून हवा तो शब्द निवडणें त्यासही अवघड जातें. म्हणून उजेडांत, समोर बसून, एका वेळीं एकानेंच सावकाश बोलावें. न कळल्यास तेंच निराळ्या शब्दांत सांगावें, अथवा पाटीवर लिहावें. एवढी तसदी घेतली तर आजोबांची बैठकींतील जागा रिकामी राहणार नाहीं.