माल्टाचा वेढा, १९४०–४२

माल्टा हे भूमध्य समुद्रातले चुनखडीचे बेट सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर आहे. गोझो आणि कोमिनो ही शेजारची बेटे धरूनही त्याचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या बृहन्मुंबईच्या सुमारे निम्मे भरते. १८०० मध्ये फ्रेंचांना हुसकावून इंग्रज तेथे आले. व्हॅलेटा शहराला लागून असलेले ग्रँड हार्बर हे खोल आणि निवाऱ्याचे बंदर त्यांच्या भूमध्य आरमाराचे ठाणे झाले. सुएझ कालवा खुला झाल्यावर लंडनहून मुंबईकडे येणाऱ्या बोटी कोळशासाठी येथेच थांबत. दुसऱ्या महायुद्धात मात्र या जागेची किंमत वेगळ्याच कारणाने वाढली. इटलीहून उत्तर आफ्रिकेतल्या फौजांकडे जाणारी जहाजे माल्टाच्या आसपासूनच जात. बेट इंग्रजांच्या हातात राहिले तर ती रसद तोडता येणार होती. उलट माल्टाची स्वतःची रसद पश्चिमेला जिब्राल्टरहून किंवा पूर्वेला अलेक्झांड्रियाहून दीड-दोन हजार किलोमीटरवरून यायची होती. बेटावर अडीच लाखांहून अधिक माणसे राहत होती आणि धान्य, कोळसा, रॉकेल, पेट्रोल हे सगळे बाहेरून येत होते. त्यामुळे हा वेढा तटबंदीपेक्षा कोठारांवरच लढला गेला.

१० जून १९४० रोजी इटलीने युद्ध पुकारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास इटालियन विमाने माल्टावर आली. सेंट एल्मो किल्ल्यावर रॉयल माल्टा आर्टिलरीचे सहा जण ठार झाले. सिसिलीतल्या विमानतळांच्या इतक्या जवळचे बेट टिकणारच नाही, असे लंडनमधल्या बऱ्याच अधिकाऱ्यांचे मत होते, आणि म्हणूनच तेथे लढाऊ विमानांचे एकही पथक ठेवलेले नव्हते. ‘ग्लोरियस’ या विमानवाहू नौकेने मागे ठेवलेल्या खोक्यांतून सी ग्लॅडिएटर जातीची काही जुनी दुपंखी विमाने जोडून उभी करण्यात आली. ती चालवायला उतरलेले बहुतेक वैमानिक लढाऊ विमानांवर तयार झालेले नव्हते. ‘फेथ’, ‘होप’ आणि ‘चॅरिटी’ या तीनच विमानांनी बेट राखले, अशी कथा पुढे जगभर पसरली. प्रत्यक्षात विमाने तीनपेक्षा अधिक होती आणि ही नावेही नंतर चिकटली. त्या वैमानिकांचे धैर्य त्यामुळे कमी होत नाही. मात्र इटालियन बाँबफेकी विमानांची फार मोठी हानी त्यांनी केली, असेही म्हणता येत नाही. आकाशात कोणीतरी आपले आहे हे लोकांना दिसले, आणि त्या पहिल्या आठवड्यांत तेच मोलाचे ठरले.

नवी लढाऊ विमाने पोहोचवण्याचा एकच मार्ग होता. विमानवाहू नौकेने ती जिब्राल्टरच्या पूर्वेला काही अंतरावर न्यायची, तेथून त्यांनी उड्डाण करून उरलेले अंतर स्वतः कापायचे. ऑगस्ट १९४० मध्ये ‘आर्गस’वरून १२ हरिकेन विमाने अशी सुखरूप आली. नोव्हेंबरमध्ये हाच प्रयत्न फसला. विमाने फार दुरून सोडली गेली, वारा उलटा होता, आणि १२ हरिकेनपैकी ८ पेट्रोल संपून वैमानिकांसह समुद्रात गेली.

जानेवारी १९४१ मध्ये जर्मन वायुदल सिसिलीत उतरले आणि लढाईचे स्वरूप पालटले. १० जानेवारीला ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू नौकेवर अनेक बाँब पडले. जळती नौका कशीबशी ग्रँड हार्बरमध्ये शिरली. पुढचे जवळजवळ दोन आठवडे गोदीतले माल्टीज कामगार हल्ल्यांच्या मधल्या वेळात तिची डागडुजी करत राहिले आणि २३ जानेवारीच्या रात्री ती अलेक्झांड्रियाकडे निसटली. तिच्यावर सोडलेल्या बाँबनी बंदराकाठची सेंगलिया, कॉस्पिक्वा आणि व्हिटोरिओसा ही तिन्ही गावे उद्ध्वस्त केली.

माल्टातल्या माणसांना बचावाबरोबर चढाईचेही काम होते. टेहळणी करणाऱ्या एड्रियन वॉरबर्टन या वैमानिकाने मेरीलँड विमानातून टारँटो बंदराची केलेली पाहणी नोव्हेंबर १९४० मधल्या तेथल्या इटालियन आरमारावरच्या प्रसिद्ध हल्ल्याला उपयोगी पडली होती. हाल फारच्या विमानतळावरून आरमाराची स्वोर्डफिश विमाने रात्री पाणतीर घेऊन निघत. ब्लेनहाइम विमाने दिवसाढवळ्या लाटांना टेकून शत्रूच्या जहाजांवर जात आणि त्यांच्या तुकड्यांची भयंकर हानी होई. व्हॅलेटाशेजारच्या मॅनोएल बेटावर, जुन्या लाझारेटो रुग्णालयाच्या इमारतीत, दहाव्या पाणबुडी पथकाचा तळ होता. ‘अपहोल्डर’चा कप्तान माल्कम वँकलिन याने २४ मे १९४१ रोजी सैनिकांनी भरलेले ‘काँते रोसो’ हे जहाज बुडवले. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४२ मध्ये ‘अपहोल्डर’ सगळ्या खलाशांसह नाहीशी झाली.

ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘ऑरोरा’ आणि ‘पेनेलोपी’ या क्रूझर नौका दोन विनाशिकांसह आल्या. ९ नोव्हेंबरच्या मध्यरात्री त्यांनी एका इटालियन ताफ्यातली सातही व्यापारी जहाजे बुडवली. त्या महिन्यात लिबियाकडे निघालेल्या मालापैकी निम्म्याहून अधिक माल समुद्रतळाशी गेला. १९ डिसेंबरला हेच पथक ट्रिपोलीजवळ सुरुंगांच्या क्षेत्रात शिरले. पथकाबरोबर असलेल्या ‘नेपच्यून’ क्रूझरवरच्या साडेसातशेहून अधिक माणसांतून एकच खलाशी वाचला.

माल्टाचा काटा काढल्याशिवाय आफ्रिकेतल्या जर्मन सेनापती रोमेलला पुढे सरकता येणार नाही, हे जर्मनांना उमगले होते. फील्डमार्शल केसेलरिंगच्या हाताखाली सिसिलीत नवे हवाई दल जमा झाले आणि १९४२ च्या वसंतात बेटावर जे कोसळले त्याला तोड नव्हती. एकट्या एप्रिलमध्ये ६,७०० टनांहून अधिक बाँब पडले. ७ एप्रिलला व्हॅलेटाचे ऑपेरा हाउस गेले. ९ एप्रिलला मोस्टा गावच्या चर्चचा घुमट फोडून एक बाँब भरल्या सभेत पडला, पण फुटला नाही. लोक जुन्या रेल्वेच्या बोगद्यात आणि चुनखडीत खणलेल्या निवाऱ्यांत राहू लागले. या मऊ खडकाने हजारो जीव वाचवले. दगडी बांधणीमुळे आगीही फारशा पसरल्या नाहीत. १५ एप्रिलला राजे सहावे जॉर्ज यांनी साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस बहाल केला.

पदकाने कोठार मात्र भरत नव्हते. मार्चमध्ये अलेक्झांड्रियाहून चार मालवाहू जहाजे निघाली होती. २२ मार्चला सिर्टच्या आखाताजवळ अ‍ॅडमिरल व्हियन यांनी क्रूझर आणि विनाशिकांच्या बळावर, धुराचे पडदे सोडत, एका इटालियन महायुद्धनौकेसह आलेल्या वरचढ आरमाराला दिवसभर थोपवून धरले. ‘क्लॅन कॅम्पबेल’ बेटापासून थोड्या अंतरावर बुडाले आणि ‘ब्रेकनशायर’ जायबंदी झाले. ‘टॅलाबॉट’ आणि ‘पँपास’ मात्र बंदरात पोहोचली. तेथे माल उतरवण्याचे काम रेंगाळले. हल्ल्याचा भोंगा वाजला की काम थांबे आणि धक्क्यावर पुरेशी माणसेही लावलेली नव्हती. तीन दिवसांनी जर्मन विमानांनी दोन्ही जहाजे तेथेच बुडवली. सुमारे २६ हजार टनांपैकी ५ हजारांच्या आसपास माल हाती लागला. समुद्रावर जिंकलेली लढाई धक्क्यावर हरली गेली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

हीच चूक विमानांबाबतही झाली. २० एप्रिलला ‘वास्प’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून ४६ स्पिटफायर माल्टात उतरली. जर्मन रडारने ती टिपली होती. ती उड्डाणासाठी तयार होण्याआधीच हल्ला झाला आणि काही दिवसांत बहुतेक सगळी निकामी झाली. ९ मे रोजी ‘वास्प’ आणि ‘ईगल’वरून आणखी साठेक स्पिटफायर आली तेव्हा तयारी अगदी वेगळी होती. पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांत माती भरून आणि दगड रचून प्रत्येक विमानासाठी आडोसा बांधलेला होता. उतरलेल्या विमानाला वाट दाखवायला माणूस होता. आडोशात पेट्रोलचे डबे, दारूगोळा, कारागीर आणि मदतीला पायदळाचे शिपाई सज्ज होते. इंधनाच्या गाड्या आधीच उडवल्या गेल्यामुळे डबे हातानेच ओतले जात. आलेला वैमानिक खाली उतरे आणि माल्टाची हवा ओळखणारा दुसरा वैमानिक त्याच्या जागी बसे. काही विमाने दहा मिनिटांच्या आत पुन्हा हवेत गेली. दुसऱ्या दिवशी ‘वेल्शमन’ ही वेगवान सुरुंगवाहू नौका दारूगोळा आणि धुराची यंत्रे घेऊन आली. धुराच्या आच्छादनाखाली काही तासांतच ती रिकामी झाली. १० मेच्या लढाईनंतर दिवसाच्या आकाशावरचे जर्मनांचे वर्चस्व ओसरले. वेढ्याचे वळण म्हणून वैमानिकांच्या झुंजी सांगितल्या जातात, पण त्या दिवशीचे श्रेय डबे ओतणाऱ्या शिपायांनाही तितकेच जाते.

या वैमानिकांत ब्रिटिशांबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऱ्होडेशिया येथले तरुण आणि काही अमेरिकीही होते. जॉर्ज बर्लिंग या कॅनेडियन वैमानिकाच्या नावावर चार-पाच महिन्यांत २७ विमाने लागली. जेवण म्हणजे डब्यातले गोमांस आणि बिस्किटे. आमांशाने सगळेच हैराण. या आजाराला त्यांनी ‘माल्टा डॉग’ असे नाव ठेवले होते. व्हॅलेटातल्या भूमिगत नियंत्रण कक्षात रडारवरून येणारी माहिती नकाशावर मांडण्याचे काम मुली करत. क्रिस्टिना रॅटक्लिफ ही नर्तकी त्यांतलीच एक. नागरिकांना माणशी दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम पाव मिळे. सरकारी सामुदायिक स्वयंपाकघरांतून शेळीच्या मटणाचा पातळ रस्सा वाटला जाई. चारा नसल्याने शेळ्या कापाव्याच लागत होत्या. मे महिन्यात आलेले गव्हर्नर लॉर्ड गॉर्ट पेट्रोल वाचवण्यासाठी सायकलवरून फिरत. शरणागतीची तारीख कोठारातल्या पिठाच्या हिशेबावरून ठरलेली होती.

जूनमध्ये दोन्ही दिशांनी ताफे निघाले. अलेक्झांड्रियाचा ताफा परत फिरला आणि जिब्राल्टरहून निघालेल्या सहांपैकी दोनच जहाजे पोहोचली. लिबियातले तोब्रुक रोमेलच्या हाती पडल्यावर माल्टावर फौज उतरवण्याचा बेत बाजूला ठेवून रोमेल इजिप्तकडे वळला. हा निर्णय जर्मनांना पुढे महागात पडला.

ऑगस्टमधल्या ‘पेडेस्टल’ मोहिमेत १४ मालवाहू जहाजांभोवती प्रचंड आरमार होते. ११ तारखेला पाणतीर लागून ‘ईगल’ काही मिनिटांत बुडाली. मोठ्या युद्धनौका ठरल्याप्रमाणे मागे फिरल्यावर, १२ च्या रात्री आणि १३ च्या पहाटे ट्युनिसियाच्या किनाऱ्यालगत पाणबुड्या आणि वेगवान पाणतीर बोटींनी ताफ्याची चाळण केली. ‘मँचेस्टर’ आणि ‘कैरो’ या क्रूझर गेल्या, नऊ मालवाहू जहाजे गेली. ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज अमेरिकी बांधणीचे, पण त्यावरचे खलाशी ब्रिटिश होते. त्याला पाणतीर लागला, त्याच्यावर एक जर्मन विमान कोसळले, यंत्रे बंद पडली. खलाशांना जहाज सोडावे लागले आणि ते परत चढले. शेवटी दोन बाजूंना दोन विनाशिका बांधून ते ओढत आणले गेले. १५ ऑगस्टला, सांता मारियाच्या सणाच्या दिवशी, ते ग्रँड हार्बरमध्ये शिरले. सुमारे ११ हजार टन तेल काढून घेतले जात असतानाच ते तळाला टेकले. कप्तान डडली मेसन यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. पाच जहाजांनी आणलेल्या ३२ हजार टन मालावर बेट आणखी काही आठवडे जगणार होते. मार्चच्या अनुभवातून शहाणे होऊन तो माल रात्रंदिवस उतरवला गेला. विमानांना पेट्रोल मिळाले. रोमेलच्या इंधनवाहू जहाजांवरचे हल्ले पुन्हा सुरू झाले.

ऑक्टोबरमध्ये केसेलरिंगने शेवटचा जोर लावला. हवाई प्रमुख कीथ पार्क यांनी शत्रूची विमाने बेटावर येईपर्यंत थांबण्याऐवजी त्यांना समुद्रावरच गाठण्याची पद्धत घालून दिली होती, आणि आठवडाभरात जर्मनांना हात आखडता घ्यावा लागला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एल अलामीनची लढाई जिंकली गेली. लिबियातले विमानतळ हाती येताच पूर्वेचा जलमार्ग मोकळा झाला. २० नोव्हेंबर १९४२ रोजी चार जहाजांचा ताफा एकही जहाज न गमावता अलेक्झांड्रियाहून पोहोचला आणि वेढा उठला. या अडीच वर्षांत बेटावरचे सुमारे दीड हजार नागरिक मृत्युमुखी पडले होते. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवरची स्वारी याच बेटावरून चालवली गेली आणि सप्टेंबरमध्ये शरण आलेले इटालियन आरमार माल्टाच्या बंदरांत येऊन नांगरले.