भैरवगढचा तांबडा रंग आणि गालावरचा वांग

उज्जैनला काळभैरवाच्या दर्शनाला जाणारे आपले गोवेकर पुष्कळ. पण त्याच भैरवगढात क्षिप्रेकाठी छिपांची वस्ती आहे, तिकडे थोडेच वळतात. लाकडी ठसे आणि मेणाचे बाटिक यांसाठी हे गाव नावाजलेले आहे.

कापडावर तांबडा चढवायला आपल्याकडे पूर्वी आल किंवा मंजिष्ठेचे मूळ आणि तुरटी वापरत. गंमत अशी, की हीच मंजिष्ठा चेहऱ्यावरचा काळा डाग घालवायलाही सांगितली आहे! आपण ज्याला वांग म्हणतो तो आयुर्वेदातला व्यंग. क्रोध आणि श्रमाने वात-पित्त बिघडून तो होतो, असे सुश्रुत म्हणतो. उपाय म्हणून शीर वेधणे आणि चिकाच्या झाडांच्या सालींचा लेप सांगतो. वाग्भट मंजिष्ठा मधात कालवून लावायला सांगतो. म्हणजे एकच मूळ कापडावर रंग चढवणार आणि कातडीवरचा उतरवणार.

१८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेच्या जातीतले रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. पुढे डांबरापासून काढलेले रंग स्वस्त झाले आणि हळद-लिंबाच्या कुंकवातही शिरले. अशा कुंकवाने काही बायकांच्या कपाळावर काळसर चट्टा उठतो. त्याला वांग समजून मलमे चोळली जातात, कुंकू मात्र तेच! जपानमध्ये प्रसाधनांतल्या अशाच एका तांबड्या रंगातल्या भेसळीने बायकांचे चेहरे काळवंडले होते. १९७७ पासून मोठ्या कंपन्यांनी अशी द्रव्ये काढून टाकली, आणि नवे रुग्ण झपाट्याने घटले.

वांगावरचे आधुनिक मलम १९७५ चे. क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र केले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या काळासाठी ते गुणकारी आहे. पण आपल्याकडे ते गोरे होण्याची क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावले जाते. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, केस उगवतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही आमच्या ऑफिसात अशी ट्यूब एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मी पाहिली आहे. मुलीचे लग्न ठरायचे आहे, हे कारण.

डाग का पडला हे आधी शोधावे. कुंकू बदलावे, ऊन चुकवावे, आणि मग त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. मूळचा सावळा रंग हा मात्र रोगच नव्हे. त्याला औषध कशाला?