शेवटची पंगत

मागच्या वर्षी कुंभार पिंपळगावात आमच्या नव्या घराची वास्तुशांती झाली. पुण्यात बसून मी एक्सेल शीट तयार केली: किती घरं, किती माणसं, किती किलो तूरडाळ, किती पत्रावळ्या. चारशे लोकांचं जेवण, तेही घरच्या अंगणात. शीट बघून आजीनं एकच विचारलं, “पंगती कशा बसवायच्या?”

मला वाटलं, प्रश्न जागेचा आहे. अंगणात एका वेळी साठ माणसं, म्हणजे सात पंगती. पण आजी सांगत होती ते वेगळंच. ती लग्न होऊन आली तेव्हा गावजेवणाचं आवतण सगळ्यांना असायचं, पण काही घरची माणसं बाकीच्यांची जेवणं होईपर्यंत बाहेर थांबायची. त्यांना शेवटी, लांबून, त्यांच्याच भांड्यात वाढायचे.

“आपण कुठं होतो?”

“वाढणाऱ्यांत.”

पंगत हा शब्द ‘पंक्ती’वरून आला. ‘पंक्तिप्रपंच’ म्हणजे भेदभाव, हा अर्थही ताटावरूनच आला. ओळीत कोण बसणार यावर माणसाची जात ठरायची, टिकायची आणि जायचीही. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळींसमोर चहा आला. पुढं वर्तमानपत्रात नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक, रानडे दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. एक कप चहासाठी! केरळात १९१७ साली सहोदरन अय्यप्पन यांनी चेराईला सहभोजन घडवलं, तेव्हा त्यांनाही बहिष्कार सोसावा लागला.

आमच्याकडची गोष्ट याहून जुनी आहे. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण. तिथल्या एकनाथांची कथा महिपतींनी अठराव्या शतकात ‘भक्तविजया’त लिहिली. घरी श्राद्ध होतं. स्वयंपाकाचा वास रस्त्यानं जाणाऱ्या भुकेल्या महारांना आला. नाथांनी ब्राह्मणांसाठी केलेलं अन्न त्यांना वाढलं. आमंत्रित ब्राह्मण रुसले, तेव्हा पितरच जेवायला उतरले, असं कथा सांगते. चमत्कार सोडून द्या. यजमानानं आधी कुणाला वाढलं, एवढंच बघा.

चुलते म्हणाले, “बुफे ठेव, भानगडच नाही.” खरंय, बुफेत ओळच नसते, त्यामुळं प्रश्न विचारावा लागत नाही. पण मला तो विचारायचा होता.

दहावीपर्यंत माझ्या बेंचवर बसणाऱ्या मित्राला फोन केला. त्याची आजी त्या बाहेर थांबणाऱ्यांतली. म्हटलं, “पहिल्या पंगतीला ये.” तो हसला. “जेवायला कुणीही बसवतं रे. मी वाढायला येऊ का?”

माझ्या शीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

तो आला. वरणाची बादली त्याच्या हातात, बुंदीचं ताट माझ्या. पहिल्या पंगतीत दोन म्हाताऱ्या पाहुण्यांनी पोट बरं नाही म्हणत पत्रावळीवर हात आडवा धरला. बाकीचे जेवले. कुणी काही बोललं नाही. वांग्याची भाजी मात्र सहाव्या पंगतीलाच संपली.

आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलंय की सहभोजनानं जात मरत नाही, त्यासाठी आंतरजातीय लग्नं व्हायला हवीत. ते मी वास्तुशांतीनंतर वाचलं. आधी वाचलं असतं, तर त्या दिवशी स्वतःवर इतका खूश झालो नसतो.

महिनाभरानं मित्राच्या बहिणीचं लग्न झालं. आम्हाला चूलबंद आवतण होतं, म्हणजे घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. आम्ही सगळे गेलो. आजी आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे तिचे खरंच दुखतात. पण त्या दुपारी आमच्या घरात एक चूल पेटली.