पुस्तकांच्या गावाची कुळकथा

वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी हे-ऑन-वाय नावाचं दीड-दोन हजार वस्तीचं गाव आहे. पहिल्यांदा येणारा पाहुणा गल्ली ओलांडेल तिथे त्याला जुन्या पुस्तकांचं दुकान भेटतं. एक दुकान तर जुन्या सिनेमागृहात भरलं आहे. किल्ल्याच्या आवारात उघड्यावरच फळ्या मांडलेल्या असतात. तिथे विक्रेता नाही, पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. जगात आज जिथे जिथे ‘पुस्तकांचं गाव’ आहे, त्याचं मूळ इथे सापडतं.

हे गाव मुळात शेतकऱ्यांच्या बाजाराचं. 1962च्या अखेरीस इथली प्रवासी रेल्वे बंद झाली आणि आधीच आडबाजूला असलेलं गाव आणखी एकटं पडलं. त्याच सुमारास रिचर्ड बूथ या ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या तरुणाने अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीत पुस्तकांचं दुकान थाटलं. मोडीत निघालेली ग्रंथालयं तो विकत घेई. अमेरिकेतूनही त्याने कंटेनर भरभरून पुस्तकं आणली.

त्याचा हिशेब सरळ होता. एका दुकानासाठी इतक्या लांब कोण येणार? पण गावभर दुकानं असली तर माणसं मुद्दाम येतील. जुन्या पुस्तकांच्या व्यापाराचा स्वभावही याला पूरक. प्रत्येक दुकानातला माल वेगळा, त्यामुळे शेजारचा दुकानदार गिऱ्हाईक पळवत नाही, उलट आणतो. बूथच्या हाताखाली तयार झालेल्या काही जणांनी पुढे स्वतःची दुकानं काढली.

वरून लादलेल्या ग्रामविकास योजनांवर बूथचा विश्वास नव्हता. 1 एप्रिल 1977 रोजी त्याने हे-ऑन-वाय स्वतंत्र राज्य झाल्याचं जाहीर केलं, स्वतःला राजा म्हणवलं आणि घोड्याला पंतप्रधान केलं. वर्तमानपत्रांनी ही बातमी दूरवर पोहोचवली. गावाच्या नावाचा साहित्य महोत्सव 1988मध्ये आला, म्हणजे दुकानांच्या कितीतरी नंतर.

पुस्तकांच्या गावाच्या कल्पनेने हे-ऑन-वाय सोडलं ते 1984मध्ये, बेल्जियमच्या रेड्यू या खेड्याकडे. दुग्धशाळा आणि मद्यभट्टी बंद पडल्याने खचलेलं स्कॉटलंडचं विगटाउन 1998मध्ये याच वाटेने गेलं.

4 मे 2017 रोजी ही कल्पना सातारा जिल्ह्यात, पाचगणी-महाबळेश्वरच्या मधल्या भिलारला पोहोचली. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावाने घरांचे दरवाजे वाचकांना उघडले. कुठे कविता, कुठे चरित्रं, कुठे बालसाहित्य. कोणीही यावं, बसून फुकट वाचावं. हे-ऑन-वायचं बळ व्यापारात होतं, भिलारचं आतिथ्यात. तिथे एका हट्टी माणसाने सुरुवात केली, इथे राज्य सरकारने पुढाकार घेतला आणि गावकऱ्यांनी ओसरी दिली.

भिलारच्या वाटेवर मला आता बूथचा धडा हवा आहे. आजही कितीतरी जुनी मराठी पुस्तकं रद्दीच्या तराजूत जातात. त्यांच्या खरेदी-विक्रीची दोन-चार दुकानं गावात उभी राहिली, तर वाचून उठलेला पाहुणा एखादं पुस्तक घरी नेईल आणि गावातल्या एखाद्या तरुणाला पुस्तकांवर पोट भरता येईल. पुस्तकांचं गाव टिकतं ते अशा पोटापाण्याच्या आधारावर.