हिशेब कुठे करायचा: सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये?

संशोधनाची आकडेवारी वेबपानावर मांडायला बसलात की हा प्रश्न तुम्हालाही पडणार. वाद जुना आहे. १९९३ मध्ये सीजीआय आलं, तेव्हा सगळं काम सर्व्हर करायचा आणि ब्राउझर फक्त तयार पान दाखवायचा. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट लिहिली (पहिला आराखडा म्हणे दहा दिवसांत!), आणि फॉर्ममधली चूक दाखवायला सर्व्हरपर्यंत जायची गरज उरली नाही. १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये पान न बदलता मागून डेटा आणायची सोय झाली. पण तिची ताकद लोकांना कळली ती जीमेल आणि गूगल मॅप्स आल्यावर, २००४-०५ मध्ये.

आता आपल्या गंगाखेडला या. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सातमध्ये जमिनीचे हक्क, बारामध्ये पिकं. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. ही सही सर्व्हरवरच व्हायला हवी, कारण ब्राउझरच्या हाती दिलेलं काहीही वापरणारा बदलू शकतो. किंमत एवढीच की सर्व्हर अडला तर पीककर्जासाठी उतारा काढायला आलेला माणूस ताटकळतो. बाराची गोष्ट वेगळी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली: शेतकरी शेतात उभा राहून मोबाइलवर पीक नोंदवतो, फोटो काढतो. फोटो आणि जागा फोनच देऊ शकतो, सर्व्हरला बांध दिसत नाही. पडताळणी मात्र नंतर. म्हणजे उतारा एकच, पण त्याचे दोन भाग दोन वाटांनी तयार होतात.

मी हे उशिरा शिकलो. पावसाच्या नोंदींची अख्खी फाइल ब्राउझरमध्ये उतरवून तिथेच सरासरी काढत होतो. लॅबच्या मशीनवर झकास चाललं. गंगाखेडला चुलतभावाने लिंक उघडली तर पांढरं पान आणि गरम झालेला फोन. "दादा, अजून काहीच आलं नाही." मग महिनावार सरासरी सर्व्हरवरच काढून ठेवली. ब्राउझरकडे प्रत्येक तालुक्याचे बारा आकडे आणि आलेख, बस्स. तालुका बदलला की चित्र तिथल्या तिथे बदलतं.

पान पाहून गाईडनी लगेच विचारलं, "कच्चा डेटा कुठाय?" तो आता वेगळ्या लिंकवर ठेवलाय, हवा त्याने उतरवून घ्यावा.