मारेकरी : कादंबरीतला आणि शिलेवरचा

तिरुवैयारु येथील पंचनदीश्वराच्या प्रांगणातले उत्तर कैलास हे मंदिर राजराज चोळाची राणी लोकमहादेवी हिने उभारले. या राजवैभवामागे एक खून आहे. राजराजाचा थोरला भाऊ आदित्य करिकाल मारला गेला. उत्तम चोळाच्या कारकिर्दीनंतर ९८५ मध्ये गादी राजराजाकडे आली.

कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ (१९५०–५४) या तमिळ कादंबरीत त्या खुनाला रहस्यकथेचे सारे अलंकार लाभले : धूमकेतू, पांड्य राजाच्या सूडाची शपथ, भुयारे, कडंबूरच्या महालातला अंधार. अशा कथांतील मारेकऱ्याला बहुधा गोतावळा नसतो. तो काळोखातून येतो आणि काळोखात नाहीसा होतो.

कडलूर जिल्ह्यातील उडैयारकुडीच्या मंदिरावरचा, राजराजाच्या दुसऱ्या राज्यवर्षातला लेख निराळे सांगतो. त्यात सोमन, रविदासन, परमेश्वरन हे सख्खे भाऊ आहेत. शेवटचे दोघे ‘ब्रह्माधिराज’ पदवीचे, म्हणजे राजसेवेतले मानकरी. शस्त्र, रात्र, हेतू यांचा उच्चार नाही. उच्चार आहे तो द्रोह्यांच्या आणि त्यांच्या आप्तांच्या जमिनींच्या जप्तीचा.

कल्कींनी ही नावे कादंबरीत आणली. जमिनी शिलेवरच राहिल्या. रहस्यकथा वार होताच संपते. इतिहासात तिथून हिशेब सुरू होतो, आणि शस्त्र न धरलेल्या सोयऱ्यांनाही तो चुकवावा लागतो.