बाकाखालचा फोन : महाविद्यालयीन वर्गातील एका सवयीची जडणघडण

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकेत, म्हणजे प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या नियम व शुल्काच्या पुस्तिकेत, वर्गात मोबाईल फोन वापरण्यास सक्त मनाई असल्याचे वाक्य एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून थोड्याफार फरकाने छापले जात आले आहे. वाक्य तेच राहिले, पण ज्या वस्तूविषयी ते लिहिले गेले ती वस्तू आणि तिच्याभोवतीची सवय या काळात अनेकदा मुळापासून बदलली. या बदलांचा क्रम तपासला असता असे दिसते की, वर्गातला फोन केव्हा वाजेल, केव्हा मुका होईल आणि केव्हा फळ्याची जागा घेईल, हे प्राचार्यांच्या परिपत्रकांपेक्षा दूरसंचार कंपन्यांच्या दरपत्रकांनी अधिक ठरवले. शिक्षणाच्या इतिहासात ही दरपत्रके सहसा येत नाहीत. ती यायला हवीत, कारण त्यांच्यावाचून वर्गातील वागणुकीचा एक मोठा भाग समजत नाही.

दराने विद्यार्थ्याचे वेळापत्रक ठरवणे हे मोबाईलच्या आधीही होतेच. १९९० च्या दशकात वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींचा घराशी संपर्क वसतिगृहाच्या कार्यालयातील एकमेव फोन, कोपऱ्यावरचा पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ बूथ किंवा रुपयाचे नाणे टाकून चालणारा कॉइन बॉक्स यांच्यामार्फत होई, आणि रात्री उशिरा दूरच्या कॉलचे दर उतरत असल्यामुळे बूथसमोरच्या रांगाही त्याच वेळी लागत. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाईल सेवेचा आरंभ केला आणि त्याच वर्षी ती मुंबईतही आली. सेवेच्या परवान्यांसाठी देशाची विभागणी ‘परिमंडळां’मध्ये, म्हणजे ठरावीक भौगोलिक सेवाक्षेत्रांमध्ये, करण्यात आली होती, तीत मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ होते, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. सुरुवातीला गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांच्या घरात आकार पडे आणि तो केलेल्या कॉलइतकाच आलेल्या कॉललाही लागू असे. अशा फोनचा वर्गाशी संबंध येण्याचे कारणच नव्हते. तो व्यापाऱ्याच्या, बिल्डरच्या किंवा डॉक्टरच्या हातात दिसे, आणि एखाद्या विद्यार्थ्याकडे असलाच तर तो त्याच्या घरच्या सुबत्तेचा पुरावा ठरे, शिस्तीचा प्रश्न ठरत नसे.

ही स्थिती बदलली ती दोन टप्प्यांत. १९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठोक परवाना शुल्काचा बोजा काढून त्याऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली, त्यामुळे दर उतरू लागले. आणि २००३ च्या मे महिन्यापासून येणारे कॉल निःशुल्क झाले, म्हणजे पैसे फक्त फोन करणाऱ्याने भरायचे असा नियम रूढ झाला. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची योजना आणली आणि नोकियाचा ११०० हा साधा, टॉर्च असलेला, दणकट फोनही बाजारात आला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येणाऱ्या कॉलची होती. खिशात पैसे नसले तरी फोन बाळगता येऊ लागला, दहा-वीस रुपयांच्या रिचार्जवर महिना काढता येऊ लागला, आणि ‘मिस कॉल’ देऊन, म्हणजे एक घंटी वाजताच फोन कापून, विनाखर्च निरोप पोहोचवण्याची एक संपूर्ण संकेतव्यवस्था उभी राहिली: एक मिस कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये. मुळात ही काटकसर होती, पण तिच्यामुळेच तास चालू असताना फोन वाजू लागले, आणि माहितीपुस्तिकेतील ते वाक्य याच सुमारास अवतरले. पहिली बंदी आवाजावर होती. फोन वाजला की शिक्षकाने तो जप्त करायचा, कार्यालयात जमा करायचा आणि पालकाने येऊन, कुठे दंड भरून, तो सोडवून न्यायचा, ही कार्यपद्धती या वर्षांत घडली.

फोन ‘सायलेंट’वर टाकण्याची सोय वापरात रुळली आणि बंदीचे मूळ कारण नाहीसे झाले, सवय मात्र तेथून पुढे खऱ्या अर्थाने वाढली. लघुसंदेशांची, म्हणजे एसएमएसची, स्वस्त मासिक पॅक निघाली आणि २००५ ते २०११ या काळातला वर्ग, बाहेरून शांत दिसत असताना, बाकांखाली अखंड बोलत राहिला. या बोलण्याचे तंत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. बटणांच्या फोनवर एका अंकाच्या बटणावर तीन-चार अक्षरे असत आणि हवे ते अक्षर येईपर्यंत ते बटण पुन्हा पुन्हा दाबावे लागे. ‘काय’ हा शब्द रोमन लिपीत उमटवायचा तर ५ चे बटण दोनदा, २ चे एकदा आणि ९ चे तीनदा दाबायचे. ५ च्या बटणावर बोटाला लागणारा एक बारीक उंचवटा असे, त्यावरून अंगठ्याला बाकीच्या बटणांचा अंदाज येई, आणि सरावलेला विद्यार्थी नजर फळ्यावर ठेवून बाकाखाली पूर्ण संदेश लिहून पाठवू शके. पडद्याकडे पाहण्याची गरज केवळ उत्तर वाचताना पडे. ज्या शिक्षकांनी तो काळ पाहिला त्यांना विद्यार्थ्याचा अपराध त्याच्या डोळ्यांवरून ओळखता येत नसे, कारण डोळे त्यांच्याकडेच लागलेले असत.

या संदेशांची लिपीसुद्धा तांत्रिक मर्यादेने आणि दराने ठरवली. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे माहितीची तेवढी एकके, मावत. रोमन अक्षराला ७ बिट पुरत असल्याने अशी १६० अक्षरे बसत, तर देवनागरीसाठी लागणाऱ्या १६ बिटांच्या संकेतप्रणालीत ती संख्या ७० वर येई, आणि तीत काना, मात्रा, वेलांटी हीदेखील स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जात. मराठीत, देवनागरीत लिहिलेला संदेश त्यामुळे दोन किंवा तीन संदेशांच्या किमतीला पडे, शिवाय अनेक स्वस्त फोनवर देवनागरी उमटतच नसे. एका पिढीने आपली मैत्री, भांडणे आणि प्रेमाची कबुली मराठीत केली खरी, पण ती रोमन लिपीत आणि स्वर गाळून. तरुणांच्या भाषाभिमानाच्या अभावाकडे या गोष्टीचा दोष नेहमी जातो. तो अन्याय आहे, कारण देवनागरी वापरण्याचा दंड त्यांच्या खिशातून जात होता. सणासुदीच्या ‘ब्लॅकआउट’ दिवसांना, जेव्हा पॅक चालत नसे आणि प्रत्येक संदेशाला वेगळा आकार पडे, ही काटकसर आणखी कडक होई. जाहिरातींच्या संदेशांचा उपद्रव रोखण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०११ पासून एका सिमकार्डावरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली आणि थोड्याच काळात ती २०० केली. दिवसाला शंभर संदेश अपुरे वाटणारे वापरकर्ते कोण होते, याचा अंदाज त्या वर्षांतील कोणत्याही महाविद्यालयाच्या कट्ट्यावर येऊ शकत होता.

दरम्यान फोनला कॅमेरा फुटला होता, आणि त्याने बंदीला वेगळेच कारण दिले. २००४ मध्ये दिल्लीतील एका शाळेतील विद्यार्थ्यांची खासगी चित्रफीत फोनवरून पसरली आणि एका संकेतस्थळावर विक्रीलाही आली. देशभर गाजलेल्या या प्रकरणानंतर कॅमेऱ्याच्या फोनकडे शिक्षणसंस्था धोका म्हणून पाहू लागल्या. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम ६६-ई, ज्यान्वये संमतीविना एखाद्याच्या खासगी अंगाचे चित्र टिपणे वा पसरवणे हा गुन्हा ठरला, ते याच अस्वस्थ काळातले. ही भीती खरी होती आणि तिची झळ मुलींना अधिक बसत होती. पण याच कॅमेऱ्याने वर्गात आणखी एक गोष्ट केली, जिची कोणी फारशी दखल घेतली नाही: फळ्याचे छायाचित्र काढता येऊ लागले आणि फळ्यावरचे वहीत उतरवून घेण्याची सक्ती संपली. हुशार मुलीची वही मागून आणणे आणि महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात परीक्षेआधी रांग लावणे हा ज्ञानाच्या वाटपाचा जुना मार्ग त्यामुळे हळूहळू ओस पडला. उतरवून घेताना होणारे अर्धे पाठांतर त्याबरोबर गेले, ही शिक्षकांची तक्रार गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

नियमांच्या इतिहासात २००९ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात मार्च २००९ मध्ये रॅगिंगमुळे एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. रॅगिंगविषयी सर्वोच्च न्यायालयात आधीपासून चाललेल्या सुनावण्यांना या घटनेने निकड आली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी रॅगिंगविरोधी विनियम लागू केले. महाराष्ट्रात रॅगिंगला मनाई करणारा राज्याचा कायदा १९९९ पासूनच होता. आयोगाच्या या विनियमांत एक तरतूद अशी आहे की, वसतिगृहात आणि महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्याला फोन निर्बंधाविना वापरता आला पाहिजे. अपवाद वर्गखोल्या, परिसंवाद सभागृहे, ग्रंथालय आणि संस्थेला आवश्यक वाटतील अशा इतर जागांचा. एकीकडे संपूर्ण आवारात बंदी घालण्याची लाट असताना, फोन हे विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेचे साधन आहे आणि त्याला मदत मागता यावी हा त्याचा हक्क आहे, हे तत्त्व या तरतुदीने देशपातळीवर नोंदवले, व वर्गाच्या उंबरठ्यावर रेषा आखली. अनेक संस्थांनी ही रेषा वाचलीच नाही, आणि आवाराच्या फाटकापासून बंदीचे फलक नंतरही लागत राहिले.

स्पर्शपटलाचा, म्हणजे टचस्क्रीनचा, स्मार्टफोन आला तेव्हा बाकाखालचे ते आंधळे कसब निरुपयोगी झाले, कारण सपाट काचेवर बोटाला काहीच लागत नाही आणि पडद्याकडे पाहावेच लागते. फोन हातातून मांडीवर, मांडीवरून वहीच्या आड आणि अखेरीस उघड बाकावर आला. व्हॉट्सॲपवरील वर्गाच्या ग्रुपने व्हरांड्यातील काचेच्या सूचना फलकाचे काम स्वतःकडे घेतले. तास रद्द झाल्याची, परीक्षेचे अर्ज भरण्याची, शिष्यवृत्तीच्या मुदतीची सूचना तेथेच येऊ लागली. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा विनामूल्य मिळाला व पुढेही दर पूर्वीच्या मानाने फार खाली राहिले, तेव्हा दरपत्रकाने वर्गाला सर्वांत मोठा धक्का दिला. तालुक्याच्या गावातील, जेथे ग्रंथालयात संदर्भग्रंथाची एकच प्रत असे, तेथील विद्यार्थ्याला संख्याशास्त्राचे किंवा सेंद्रिय रसायनशास्त्राचे व्याख्यान यूट्यूबवर हवे तितक्या वेळा पाहता येऊ लागले, आणि वर्गातील शिक्षकाची तुलना प्रथमच देशातील इतर शिक्षकांशी होऊ लागली. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठही सुरू केले.

परीक्षेच्या दालनात मात्र या सगळ्याला थारा नव्हता. परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा, म्हणजे मोबाईलच्या आधीचा आहे. कॉपी म्हटले की तेव्हा चिठ्ठ्या आणि पुस्तकाची फाडलेली पाने डोळ्यांसमोर येत. पुढे पर्यवेक्षक आणि भरारी पथके यांच्या झडतीचे मुख्य लक्ष्य फोन बनला, दप्तरे आणि फोन दालनाबाहेर ठेवण्याची पद्धत सर्वत्र रुळली.

म्हणूनच २०२० मधली उलथापालथ इतकी ठळक ठरते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि काही आठवड्यांतच तास झूम आणि गुगल मीटवर भरू लागले. ज्या वस्तूला वर्गात मनाई होती तिच्यातच वर्ग जाऊन बसला. अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याकडे राज्य सरकारचा कल होता, परंतु २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला, आणि त्या शरद ऋतूत राज्यातील विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या, ज्या असंख्य विद्यार्थ्यांनी घरी बसून फोनवर दिल्या. दालनाबाहेर ठेवण्याची वस्तू हीच उत्तरपत्रिका झाली होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पशुवैद्यक शाखेच्या एका विद्यार्थिनीने घरात रेंज मिळत नाही म्हणून डोंगरावर झोपडी बांधून, भर पावसात तेथे बसून तास केले, ही बातमी तेव्हा राज्यभर वाचली गेली. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले, ते रास्तच होते. परंतु मनोरे कुठे उभारायचे हे ठरवताना दुर्गम गावांचा विचार किती झाला होता, हा प्रश्न त्या कौतुकाखाली दबला.

दर उतरले म्हणजे फोन सर्वांच्या हाती समान आला, असे मात्र झाले नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाईल फोन असलेल्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के आढळले; म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांना फोन वापरायचा तर तो वडिलांचा, भावाचा, नवऱ्याचा. टाळेबंदीत ज्या घरात एकच स्मार्टफोन होता तेथे बहीण आणि भाऊ यांचे तास एकाच वेळी आले की कोणाचा तास बुडवायचा, हे घरातील रिवाजाने ठरे. मुलींच्या वसतिगृहांतून सायंकाळी फोन काढून घेण्याची प्रथा वर्गातील बंदीपेक्षा अधिक काळ टिकली आणि तिचे समर्थनही अभ्यासाच्या नावानेच होत राहिले. केरळमधील कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीने सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेतील असा निर्बंध पाळण्यास नकार दिला, तिला वसतिगृहातून काढण्यात आले, आणि १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश देताना इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ज्या फोनवरून हा वाद झाला, त्याच फोनवर पुढच्या वर्षी देशभरातील असंख्य विद्यार्थिनींना आपला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागला.